घोड्याचा रंग आणि घोड्याची पारख

वऱ्हाडात आज घोडा शेतीच्या कामास येत नाही. कापसाची गाडी बैल ओढतात, मळणी यंत्राने होते आणि अमरावती व अकोला या शहरांतील टांगे तर केव्हाच गेले. तरीही घोडा या भागातून नाहीसा झालेला नाही. लग्नसराईत नवरदेवासाठी घोडी लागते. तो व्यवसाय करणारी कुटुंबे शहरांत आहेत आणि मोठ्या गावांतही आहेत. हौसेने घोडे पाळणारे शेतकरीही आहेत. देशातील घोड्यांची संख्या मात्र झपाट्याने घटत आहे. 2019 सालच्या विसाव्या पशुगणनेत घोडे व तट्टे मिळून सुमारे 3.4 लाख जनावरे भरली. 2012 सालच्या गणनेच्या मानाने ही घट 45 टक्क्यांहून अधिक होती. जनावरे कमी झाली म्हणजे एकेका जनावराच्या खरेदीत गुंतणारी रक्कम वाढते आणि खरेदीत झालेली चूक मालकास अधिक जड जाते.

घोडा घ्यावयाचा झाला म्हणजे वऱ्हाडातील गिऱ्हाईक बहुधा नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याच्या यात्रेस किंवा नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेस जाते. तेथील व्यवहार लक्षपूर्वक पाहिला असता एक गोष्ट ध्यानात येते. गिऱ्हाईक प्रथम रंग पाहते. त्यानंतर कपाळावरील टिळा, पायांचा पांढरेपणा व अंगावरील भोवरे यांची मोजदाद होते. बरोबर आलेले जाणते गृहस्थ शुभाशुभ सांगतात. एवढे सर्व झाल्यावर मग तोंड उघडून दात पाहिले जातात आणि खूर उचलून पाहण्याची पाळी तर पुष्कळदा सौदा ठरल्यावर येते. हा क्रम उलटा आहे. परंतु तो कोणी अडाणीपणाने लावलेला नाही. त्यामागे फार जुनी विद्या आहे, आणि त्या विद्येतील काय घ्यावे व काय सोडावे हे कळण्यासाठी ती मुळातून समजून घेणे अगत्याचे आहे.

जुन्या ग्रंथांतील रंगविचार

भारतीय वाङ्मयात घोड्याच्या रंगाची चर्चा आरंभापासून आढळते. अर्जुनाचे घोडे पांढरे म्हणून तो श्वेतवाहन. महाभारताच्या द्रोणपर्वात पांडवपक्षाच्या वीरांचे घोडे कोणकोणत्या रंगाचे होते याचे वर्णन करण्यात एक मोठा भाग खर्ची पडला आहे. रणधुमाळीत दुरून वीर ओळखावयाचा तो ध्वजावरून व घोड्यांच्या रंगावरून, ही त्यामागील व्यावहारिक गोष्ट होय. उद्योगपर्वातील गालवाच्या कथेत गुरुदक्षिणा म्हणून एक कान काळा असलेले आठशे शुभ्र घोडे मागितले जातात, आणि असे घोडे मिळविता मिळविता गालवाच्या नाकी नऊ येतात. दुर्मिळ रंगास अवाच्या सवा किंमत पडते, हे त्या काळीही खरे होते. आदिपर्वातील कद्रू व विनता यांची पैज तर प्रसिद्धच आहे. उच्चैःश्रव्याचे शेपूट पांढरे की काळे, असा तो वाद होता. आणि पैज जिंकण्यासाठी कद्रूने आपल्या सर्पपुत्रांना काळ्या केसांच्या रूपाने त्या शेपटास चिकटून राहावयास लावले. घोड्याचा रंग बदलून दाखवून फसविल्याची याहून जुनी हकीकत सापडणे कठीण आहे.

अमरकोशात पांढऱ्या घोड्यास कर्क असा स्वतंत्र शब्द आहे. पुढे बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने रचलेल्या अभिधानचिंतामणी या कोशात घोड्यांच्या रंगांची लांबलचक यादी येते. कोकाह म्हणजे पांढरा, सेराह म्हणजे दुधासारखा, खुंगाह म्हणजे काळा, क्रियाह म्हणजे तांबडा, वोल्लाह म्हणजे पिंगट अंगाचा व फिकट आयाळीचा. हे शब्द कानास संस्कृत वाटत नाहीत. अरबस्तान व इराण येथून समुद्रमार्गे येणाऱ्या घोड्यांबरोबर व्यापाऱ्यांची भाषाही आली, आणि ती थेट संस्कृत कोशात जाऊन बसली. आपल्या मराठीत रूढ असलेले शब्दही याच मार्गाने आले आहेत. मुश्की म्हणजे कस्तुरीसारखा काळा. कुमाईत म्हणजे अंग तांबूस-तपकिरी, परंतु आयाळ, शेपूट व पायांचा खालचा भाग काळा. सुरंग म्हणजे अंग आणि आयाळ दोन्ही तांबडी. समंद म्हणजे फिकट पिवळसर अंग व काळी आयाळ. सबजा म्हणजे काळे व पांढरे केस मिसळलेला करडा. अबलख म्हणजे दोन रंगांच्या मोठ्या पट्ट्यांचा. नुकरा म्हणजे चांदीसारखा पांढरा, ज्याची कातडीही गुलाबी असते. जाणत्या शेतकऱ्यास हे शब्द अद्याप ठाऊक आहेत. ते टिकविण्याजोगे आहेत, कारण नेमके वर्णन करण्यास इतके सोयीचे शब्द दुसरे नाहीत.

नावे देऊन ग्रंथकार थांबले नाहीत. शालिहोत्र व नकुल यांच्या नावांवर चालत आलेल्या अश्वशास्त्रांत रंग, भोवरे व पांढऱ्या खुणा यांवरून मालकाच्या भाग्याचे निदान सांगितलेले आहे. काही ठिकाणी चार रंगांस चार वर्ण लावून पांढरा ब्राह्मण, तांबडा क्षत्रिय अशी वाटणीही केली आहे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने 1952 साली नकुलाचे अश्वशास्त्र रंगीत चित्रांसह प्रसिद्ध केले. हे ग्रंथालय तंजावरच्या भोसले राजांनी, विशेषतः दुसऱ्या सरफोजी राजांनी, वाढविलेले असल्याने मराठी वाचकास त्याचे अगत्य असावे. फारसी व उर्दूतील फरसनामे याच वळणाचे आहेत. उर्दू कवी सआदत यार खान रंगीन याने एक फरसनामा लिहिला. हा गृहस्थ स्वतः घोडदळात चाकरी केलेला व घोड्यांचा व्यापार केलेला होता. त्याच्या ग्रंथातही औषधोपचाराच्या बरोबरीने भोवऱ्यांच्या शुभाशुभाचा विचार आहे. अनुभवी माणसेही ही समजूत मानीत, किंवा निदान गिऱ्हाईक ती मानते हे ओळखून असत.

वऱ्हाडचा घोडा व शिलेदाराची चिंता

वऱ्हाड हा एके काळी घोडेस्वारांचा मुलूख होता. अचलपूर ही इमादशाहीची राजधानी होती व पुढेही ते लष्करी ठाणे राहिले. 29 नोव्हेंबर 1803 रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावच्या मैदानावर नागपूरकर भोसल्यांची फौज व शिंद्यांचे घोडदळ यांची वेलस्लीच्या सैन्याशी लढाई झाली, आणि 15 डिसेंबर रोजी गाविलगड पडला. 1853 साली निजामाने वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांकडे लावून दिला तो हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चासाठी. म्हणजे अर्धशतकभर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील उत्पन्नावर त्या फौजेतील घोडी पोसली गेली. 1903 साली ही फौज हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली. तिच्यातून निघालेल्या पलटणींपैकी विसावी डेक्कन हॉर्स ही 14 जुलै 1916 रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वूडजवळ घोड्यांवर बसून चालून गेली.

या फौजांत, आणि त्यापूर्वी मराठ्यांच्या फौजांत, शिलेदार म्हणजे ज्याचा घोडा त्याचा स्वतःचा तो स्वार. बारगिरास घोडा सरकारातून वा सरदाराकडून मिळे. शिलेदाराचे तसे नव्हते. घोडा हेच त्याचे भांडवल आणि तोच त्याचा मान. घोडा लंगडला वा मेला तर चाकरी गेली आणि कर्ज डोक्यावर बसले. घोड्याच्या पोटातील शूळ, नालबंदाची चूक, डासामाशांतून येणारा रोग, यांपैकी कशाचेही कारण त्या काळी नीट कळत नसे. ज्या वस्तूवर सारा संसार अवलंबून आहे ती आज धडधाकट दिसते आणि उद्या पडते, अशी अवस्था असली म्हणजे माणूस खुणा शोधू लागतो. पंचकल्याणी घोडा घरी आणल्यावर जहागीर मिळाल्याची गोष्ट दहा गावांत पसरते. तसलाच घोडा आणून ज्याचे वाटोळे झाले त्याची गोष्ट सांगावयास कोणी राहत नाही. अशा रीतीने समजूत दृढ होत जाते.

परंतु रंगाचा दुसरा एक उपयोगही त्या काळी होता, व तो अगदी निखळ होता. घोडदळाची हजेरी घेताना स्वार चांगला घोडा दाखवून जाई आणि पाठीमागे तो विकून मरतुकडे तट्टू उभे करी. हे टाळण्यासाठी अलाउद्दीन खिलजीने घोड्यांस डाग देण्याची पद्धत घातली. अकबराच्या कारकिर्दीत डाग व वर्णनपट या दोन्हींची व्यवस्था पक्की झाली. वर्णनपटात घोड्याचा रंग, टिळा, पायांचा पांढरेपणा, भोवरे हे सारे नोंदविलेले असे. म्हणजे घोड्याच्या अंगावरील एकाच खुणेचे दोन अर्थ होते. ज्योतिष्यास ती भाग्याची खूण, तर कारकुनास ती ओळखीची खूण. आज विचार केला तर त्या दोघांत कारकुनाचेच म्हणणे टिकलेले दिसते.

गोम म्हणजे काय

मराठी भाषेत या समजुतींचा ठसा खोलवर उमटलेला आहे. खोड हा शब्द आपण माणसाच्या वाईट सवयीस लावतो. बाजारात तो घोड्याबैलाच्या दोषास लावतात. यात काहीतरी गोम आहे, असे आपण सहज बोलून जातो. गोम म्हणजे अनेक पायांचा किडा हे सर्वांस माहीत आहे. परंतु घोड्याच्या अंगावर केस एकमेकांविरुद्ध वळून जी लांबट रेघ तयार होते तिलाही गोम म्हणतात, आणि विशिष्ट ठिकाणची गोम अशुभ मानीत. वरून सुंदर दिसणाऱ्या वस्तूतील दडलेला दोष, या अर्थाने तो शब्द घोड्याच्या बाजारातूनच घराघरांत आला असावा. गळ्यावरचा देवमण हा भोवरा शुभ, डोळ्याखालचा आसूढाळ हा धन्यास रडविणारा, असा हिशेब अजूनही यात्रेत ऐकू येतो.

या हिशेबाची कसोटी पाहावयाची असेल तर निरनिराळ्या देशांतील समजुती एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात. आपल्याकडे चारही पाय पांढरे व कपाळावर पांढरा पट्टा असा पंचकल्याणी घोडा सर्वांत भाग्याचा. एकच पाय पांढरा असलेल्या घोड्यास अर्जल म्हणून नाके मुरडतात. इंग्लंडातील खेडुतांची जुनी म्हण याच्या नेमकी उलट आहे. तिच्या मते एक पाय पांढरा असेल तर घोडा खुशाल घ्यावा आणि चारही पांढरे असतील तर त्याच्या वाटेस जाऊ नये. दोन्ही देशांत शतकानुशतके लाखो घोडे पाळले गेले, लढविले गेले, शर्यतीत धावले. पांढऱ्या पायांत खरोखर काही गुण वा अवगुण असता तर दोन्हीकडे अनुभव सारखाच यावयास हवा होता. मारवाडात काळा घोडा अशुभ समजून टाळीत, तर हॉलंडातील फ्रीजियन जातीत काळ्याखेरीज दुसरा रंग नोंदवहीत घेत नाहीत. ग्रीक सेनानी झेनोफन याने सुमारे चोवीस शतकांपूर्वी घोडेस्वारीवर जो ग्रंथ लिहिला, त्यात घोड्याच्या परीक्षेचा आरंभ खुरांपासून आहे. घराचा वरचा भाग कितीही सुंदर असला तरी पाया कच्चा असेल तर उपयोग काय, असा त्याचा युक्तिवाद आहे. रंगास तो महत्त्व देत नाही.

युद्धात मात्र रंगाचा एक परिणाम निर्विवाद होता, तो म्हणजे दिसण्याचा. युरोपातील घोडदळांत तुतारी वाजविणाऱ्यास करडा किंवा पांढरा घोडा देत, म्हणजे सेनापतीस तो गर्दीत चटकन सापडे. हीच गोष्ट पुढे अंगाशी आली. ब्रिटिश सैन्यातील स्कॉट्स ग्रेज ही पलटण करड्या घोड्यांबद्दल प्रसिद्ध होती. 1914 साली फ्रान्समध्ये उतरल्यावर शत्रूस ते घोडे दुरून दिसू लागले, तेव्हा त्यांना तांबूस रंग देऊन रंगवावे लागले.

प्रदर्शनांतील रंग

जनावरांच्या प्रदर्शनात रंगास स्थान आहे, आणि ते अगदीच निराधार नाही. एखाद्या जातीची शुद्धता राखावयाची तर रंग ही एक सोपी खूण ठरते. नाशिक व नगर जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यातील डांगी जनावरांचे रंगावरून पारा, बहाळा, मणेरा, लाल, काळा असे गट करतात व प्रदर्शनांतही ते पाहतात. मराठवाड्यातील देवणी जातीत वानेरा, बालंक्या व शेवरा हे प्रकार रंगावरूनच ओळखले जातात. वऱ्हाडच्या पूर्वेस, वर्धा नदीपलीकडील गवळाऊ जात पांढरी, आणि तिच्या पांढरेपणास शास्त्रीय आधारही आहे. पांढरे केस उन्हाचा बराच भाग परतवितात व त्यांखालील काळी कातडी भाजण्यापासून वाचते. अकोल्याच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो, तेथे हा मेळ फार उपयोगी आहे.

अडचण येते ती खूण हीच वस्तू समजू लागल्यावर. अमेरिकेतील क्वार्टर हॉर्स ही चपळ जात जनावरे हाकण्याच्या कामासाठी तयार झाली. परंतु अंगावर ठराविक मर्यादेबाहेर पांढरा रंग असलेली शिंगरे, आईबाप दोन्ही नोंदलेले असूनही, अनेक वर्षे नोंदवहीबाहेर राहिली. त्या संस्थेने हा निर्बंध 2004 साली उठविला. तोपर्यंत कामाची कित्येक जनावरे केवळ कातडीवरून बाद झाली होती. आपल्या महाराष्ट्रातील भीमथडी घोड्यास कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडे स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली आहे. भीमा नदीच्या काठचे हे काटक व मध्यम चणीचे जनावर नाना रंगांत आढळते. त्याच्या पैदाशीत रंगाची निवड करण्याचा मोह आतापासूनच टाळला तर बरे.

वऱ्हाडी शेतकऱ्यास हे समजण्यास दूर जावे लागत नाही. तळेगाव दशासरचा शंकरपट त्याच्या परिचयाचा आहे. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलांच्या शर्यती थांबल्या, डिसेंबर 2021 मध्ये अटींसह पुन्हा परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. पटावर एकसारख्या रंगाची जोडी आली की लोक कौतुक करतात, आणि ते करावे. परंतु नंबर लागतो तो सेकंदांवर. घड्याळास जोडीचा रंग दिसत नाही.

रंग येतो कसा

घोड्याचे सर्व रंग मुळात दोनच रंगद्रव्यांतून होतात, एक काळे व एक तांबडे. एमसी1आर नावाच्या जनुकात विशिष्ट बदल आईबाप दोघांकडूनही आला तर काळे द्रव्य केसांत उतरत नाही व शिंगरू सुरंग होते. ही गोष्ट 1996 साली सिद्ध झाली. काळे द्रव्य सर्वांगावर पसरावे की फक्त आयाळ, शेपूट व पाय यांवर राहावे, हे दुसरे एक जनुक ठरविते. पहिल्या प्रकारात मुश्की होतो, दुसऱ्यात कुमाईत. द्रव्य पातळ करणारे तिसरे एक जनुक आहे. त्याची एक प्रत मिळाली तर सोनेरी छटा येते आणि दोन मिळाल्या तर जनावर जवळजवळ पांढरे, गुलाबी कातडीचे व निळ्या डोळ्यांचे होते.

यातून पैदासकारासाठी दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. दोन कुमाईत जनावरांपासून सुरंग शिंगरू होऊ शकते. असे शिंगरू झाले म्हणजे वळूच्या मालकाने दुसराच घोडा लावला, असा संशय घेऊन भांडणे होतात. तो संशय निराधार असतो. उलट दोन सुरंग जनावरांपासून कुमाईत किंवा मुश्की शिंगरू मात्र होत नाही, तेथे चौकशी करण्यास जागा आहे. तसेच करडेपणाचे जनुक प्रभावी असल्याने सबजा शिंगराच्या आईबापांपैकी निदान एक तरी सबजा असलाच पाहिजे.

वरातीचा व्यवसाय करणाऱ्यांनी सबजा रंगाची आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. आपण ज्यांस पांढरे घोडे म्हणतो त्यांपैकी पुष्कळसे जन्मतः पांढरे नसतात. शिंगरू काळे, तांबडे वा कुमाईत जन्मते. पहिल्या वर्षात डोळ्यांभोवती करडे केस दिसू लागतात, आणि सहा ते दहा वर्षांच्या वयापर्यंत जनावर हळूहळू पांढरे होत जाते. कातडी मात्र काळीच राहते. नुकरा हा जन्मतःच पांढरा असतो व त्याची कातडी गुलाबी असते. दोघे लग्नाच्या मंडपापुढे सारखेच दिसतात, परंतु त्यांचे गुणदोष निराळे आहेत. वयाने लहान सबजा घोडी कमी किमतीत घेऊन ती पांढरी होईपर्यंत वाट पाहणे, हा ज्यास घाई नाही त्याच्या फायद्याचा मार्ग आहे.

जेथे रंगास खरोखर महत्त्व आहे

रंगावरून मालकाचे भाग्य कळत नाही. काही रोगांची शक्यता मात्र कळते, आणि तिकडे कोणी पाहत नाही.

करड्या घोड्यांत शेपटाखाली, गुदद्वाराभोवती व ओठांवर काळ्या गाठी येतात. केस लवकर पांढरे करणारा जो जनुकीय बदल 2008 साली सापडला, त्याच्याशीच या गाठींचा संबंध जोडला गेला आहे. पंधरा वर्षांवरील करड्या घोड्यांत सुमारे 70 ते 80 टक्क्यांस अशा गाठी आढळतात. पुष्कळ गाठी वर्षानुवर्षे संथ राहतात, परंतु काही आत पसरतात. म्हणून प्रौढ पांढरी घोडी घेताना शेपूट उचलून पाहणे हे कपाळावरील भोवरा पाहण्यापेक्षा शतपटीने अगत्याचे आहे.

गुलाबी कातडीचे जनावर वऱ्हाडच्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात नाकपुड्यांवर व डोळ्यांभोवती भाजते. त्यास दुपारी सावली हवी. गायीबैलांत हाच प्रकार घाणेरीची पाने खाल्ल्याने होतो. यकृत बिघडून कातडीस ऊन सोसत नाही, व जेथे केस पांढरे आणि कातडी फिकट तेथील चामडी सोलून निघते. मेळघाटच्या पायथ्याच्या गावांत घाणेरी पुष्कळ असल्याने तेथील गोपालकांनी याकडे लक्ष द्यावे.

पांढऱ्या रंगाची एक जमेची बाजूही आहे. हंगेरीतील संशोधकांनी 2010 साली दाखवून दिले की, काळ्या व तपकिरी घोड्यांच्या मानाने पांढऱ्या घोड्यांवर घोडमाश्या बऱ्याच कमी बसतात. गडद अंगावरून परतणारा विशिष्ट प्रकारचा प्रकाश या माश्यांना आकर्षून घेतो, पांढऱ्या अंगावरून तसा प्रकाश निघत नाही. घोडमाश्या सर्रा या रक्तातील रोगाचे जंतू एका जनावरातून दुसऱ्यात नेतात, हे ध्यानात घेता ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. पावसाळ्यात व त्यानंतर काळ्या-तपकिरी घोड्यांच्या तबेल्यात माश्यांचा बंदोबस्त अधिक कसोशीने करावा.

पांढरे खूर ठिसूळ असतात ही समजूत मात्र परीक्षेत उतरलेली नाही. खुराचा टणकपणा रंगावर अवलंबून नसून खाद्य, ओलावा व वेळच्या वेळी केलेली नालबंदी यांवर अवलंबून असतो. भोवऱ्यांचे म्हणाल तर त्यांची जागा व जनावराचा स्वभाव यांचा काही संबंध आहे काय, हे शास्त्रज्ञांनी तपासले आहे. अमेरिकेत टेंपल ग्रँडिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 साली गुरांची पाहणी केली. कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर असलेली गुरे अडकविली असता अधिक बिचकतात, असे त्यांना आढळले. परंतु ही गुराच्या स्वभावाची गोष्ट झाली. मालकाच्या आयुष्याशी वा घरच्या बरकतीशी भोवऱ्याचा संबंध कोणी दाखवू शकलेले नाही.

खरेदीच्या वेळी

अशुभ मानल्या गेलेल्या खुणांमुळे जनावराची किंमत उतरते, ही वस्तुस्थिती आहे. ज्यास घोडा स्वतः वापरावयाचा आहे त्याने तिचा लाभ घ्यावा. आसूढाळ असलेली, परंतु पाय, छाती, दृष्टी व श्वास उत्तम असलेली घोडी स्वस्तात मिळत असेल तर ती सोडण्याचे कारण नाही. मात्र पुढे विकावयाची असेल तर पुढचे गिऱ्हाईकही तीच खोड काढणार, हे हिशेबात धरावे. समजूत खोटी असली तरी बाजारभाव खरा असतो.

चढ्या किमतीच्या रंगासाठी जनावर रंगविण्याचे प्रकार होतात. संशय आल्यास ओल्या पांढऱ्या फडक्याने मान व पाय घासून पाहावे, तसेच केस उलटे फिरवून मुळाशी रंग निराळा आहे काय ते पाहावे. पायांवरील पांढऱ्याखालची कातडी स्वाभाविकतः गुलाबी असते. वर पांढरे केस व खाली काळी कातडी दिसली आणि जनावर सबजाही नसले तर जुनी जखम, दोराचा घट्टा अथवा रंग यांपैकी काहीतरी आहे असे समजावे.

याहून मोठा धोका ग्लँडर्स या रोगाचा आहे. हा जंतुजन्य रोग घोडा, गाढव व खेचर यांस होतो. नाकातून चिकट स्राव, कातडीवर फुटणाऱ्या गाठी, ताप व अशक्तता ही त्याची लक्षणे होत. परंतु काही जनावरे वरून निरोगी दिसत असूनही रोग पसरवितात. तो माणसास होतो व जीवघेणा ठरू शकतो. त्यावर लस नाही, आणि चाचणीत रोग निश्चित झालेले जनावर कायद्याने नष्ट करावे लागते. घरातील मुले ज्या घोडीच्या गळ्यात हात टाकतात ती अशी निघाली तर देवमणाचा काय उपयोग? सौदा करण्यापूर्वी रक्तचाचणीचा दाखला मागावा. दाखला नसेल तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून नमुना पाठवून अहवाल येईपर्यंत जनावर इतरांपासून वेगळे बांधावे. त्याचे पाण्याचे भांडे, तोबरा व खरारा स्वतंत्र ठेवावा. देशात या रोगाच्या निदानाचे प्रमुख केंद्र हरयाणातील हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र हे आहे.

नमुन्यासोबत जनावराचे वर्णन लिहून द्यावे लागते. तेथे रंग कुमाईत, कपाळावर चांदणी, मागील डावा पाय घोट्यापर्यंत पांढरा, गळ्यावर उजवीकडे भोवरा, असे नेमके लिहावे, आणि दाखला हाती येताच समोरच्या जनावराशी तो खुणेगणिक ताडून पाहावा. एका घोड्याचा दाखला दुसऱ्या घोड्यास चिकटविण्याची युक्ती हजेरीतील जुन्या तट्टाइतकीच जुनी आहे.